साधन आणि निर्मिती : सर्जनशील कामासाठी संगणकाची निवड

प्रस्तावना

लेखन, चित्रकला, संगीत, छायाचित्रण, चित्रपट आणि ग्रंथनिर्मिती या सर्व क्षेत्रांत संगणक हे आज मुख्य साधन झाले आहे. तरीही कलावंत ज्या चिकित्सेने आपली इतर साधने पारखतो, ती चिकित्सा या एका साधनाच्या वाट्याला क्वचितच येते. जलरंगात काम करणारा चित्रकार कागदाची जाडी आणि पोत हाताने चाचपून पाहतो, सतारवादक जवारी लावून घेताना तासन्‌तास बसतो. पण हेच कलावंत संगणक घेताना मात्र परिचितांची शिफारस, दुकानदाराचा आग्रह किंवा कंपनीचा लौकिक यांवर विसंबतात. याचे कारण त्यांच्या उदासीनतेत शोधणे अन्यायाचे ठरेल. संगणकाचे गुणावगुण ज्या परिभाषेत सांगितले जातात ती अभियंत्यांची परिभाषा आहे आणि त्या आकड्यांचा आपल्या रोजच्या कामाशी काय संबंध, हे सांगणारे लेखन मराठीत फारसे उपलब्ध नाही. प्रस्तुत ग्रंथाची उभारणी याच उणिवेच्या जाणिवेतून झाली आहे.

या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आरंभीच स्पष्ट करणे योग्य होईल. संगणक विकत घेताना प्रत्यक्षात तीन गोष्टींची निवड एकदम होत असते : पहिली म्हणजे यंत्र, दुसरी म्हणजे त्या यंत्रावर चालणारी कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअर, आणि तिसरी म्हणजे त्या सॉफ्टवेअरमधून तयार होणाऱ्या फाइलींचे रूप, ज्याला तंत्रज्ञ ‘फॉरमॅट’ म्हणतात. यांपैकी यंत्राचे आयुष्य सर्वांत कमी, बहुधा पाच ते आठ वर्षांचे असते. सॉफ्टवेअर थोडे अधिक टिकते. फाइल मात्र निर्मात्याच्या हयातीइतकी आणि कलाकृती मोलाची असेल तर त्याच्या पश्चातही टिकली पाहिजे. बाजारातली चर्चा महत्त्वाच्या नेमक्या उलट क्रमाने चालते, म्हणजे यंत्रापासून सुरू होते आणि फाइलीपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून निवडीचा विचार कामापासून आणि कामाच्या टिकण्यापासून सुरू व्हावा, यंत्राचे नाव त्यानंतर यावे, असा या ग्रंथाचा आग्रह आहे.

या आग्रहाला इतिहासाचा मोठा आधार आहे. संगणक हे चित्र काढण्याचे साधन होऊ शकते हे १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ या प्रणालीद्वारे दाखवून दिले. टीएक्स-२ नावाच्या यंत्राच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून त्यांनी रेषा आखल्या, त्या जोडल्या आणि बदलल्याही. तथापि ते यंत्र प्रयोगशाळेचे होते आणि सामान्य कलावंताला त्याचे दर्शनही दुर्लभ होते. कलावंतासमोर संगणकांची खरी निवड प्रथम उभी राहिली ती १९८५ च्या सुमारास, जेव्हा ॲपलचा मॅकिंटॉश, अटारीचा एसटी आणि कमोडोरचा अमिगा ही तीन यंत्रे एकाच बाजारात शेजारी शेजारी आली.

या तीन यंत्रांची तुलना आजही अत्यंत उद्बोधक आहे, कारण तिघांच्याही पोटात मोटोरोला कंपनीचा ६८००० हा एकच प्रोसेसर होता. प्रोसेसर म्हणजे संगणकातील मुख्य गणनयंत्र, जे सॉफ्टवेअरच्या आज्ञा एकामागून एक अमलात आणते. त्याचा वेगही तिन्ही यंत्रांत सात ते आठ मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखाच होता. पण तिन्ही यंत्रांनी तीन वेगवेगळ्या कलांमध्ये आपले घर केले. मॅकिंटॉशचा नऊ इंची पडदा केवळ काळापांढरा होता, परंतु १९८५ मध्ये त्याच्या जोडीला इंचाला तीनशे ठिपके उमटवणारे ‘लेझरराइटर’ हे छपाईयंत्र, अडोबी कंपनीची ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही पानाचे वर्णन करणारी भाषा आणि अल्डस कंपनीचे ‘पेजमेकर’ हे पानांची मांडणी करणारे सॉफ्टवेअर आले. या त्रयीतून टेबलावरची ग्रंथनिर्मिती, म्हणजेच पुढे ‘डीटीपी’ या आद्याक्षरांनी घरोघरी माहीत झालेला व्यवसाय, जन्माला आला. लेझरराइटरच्या आत बसवलेला प्रोसेसर हा त्याला जोडलेल्या मॅकिंटॉशपेक्षाही वेगवान होता, ही नोंद येथे महत्त्वाची आहे. काम ज्या ठिकाणी अवघड असते त्या ठिकाणी सामर्थ्य ओतावे लागते, आणि ते ठिकाण दर वेळी मुख्य यंत्राच्याच आत असते असे नाही.

अटारी एसटीने संगीतकारांना आपलेसे केले ते त्याला मुळातच दिलेल्या दोन खाचांमुळे. १९८३ मध्ये वाद्यनिर्मात्यांनी ‘मिडी’ नावाचा संकेत एकमताने स्वीकारला होता. या संकेतातून प्रत्यक्ष ध्वनी पाठवला जात नाही, तर कोणता सूर, किती जोराने आणि किती वेळ वाजवायचा याची सूचना एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जाते. इतर संगणकांना यासाठी वेगळे उपकरण जोडावे लागे, एसटीला ते लागत नसे, आणि त्यामुळे पुढे कित्येक वर्षे युरोपातील ध्वनिमुद्रण कक्षांत हे यंत्र ठाण मांडून बसले. १९८९ मध्ये ‘क्यूबेस’ हे आजही वापरात असलेले संगीतरचनेचे सॉफ्टवेअर प्रथम याच यंत्रावर आले. अमिगामध्ये मुख्य प्रोसेसरच्या मदतीला चित्र आणि ध्वनी यांच्यासाठी स्वतंत्र चिप होत्या, ४,०९६ छटांचे रंगभांडार होते आणि त्याचे संकेत दूरचित्रवाणीच्या संकेतांशी सहज जुळत. त्यामुळे १९९० मध्ये ‘व्हिडिओ टोस्टर’ हे जोडयंत्र आल्यावर लहान दूरचित्रवाणी निर्मात्यांना पूर्वी लाखो रुपयांच्या यंत्रांशिवाय न होणारी कामे त्यावर करता येऊ लागली. तीन यंत्रांमधला फरक प्रोसेसरने घडवला नव्हता. जोडणीच्या सोयी, साहाय्यक चिप, सोबतची उपकरणे आणि उपलब्ध सॉफ्टवेअर यांनी तो घडवला होता. आजच्या ग्राहकाला प्रोसेसरच्या पिढ्यांची आणि आकड्यांची जी भूल पडते, तिच्यावर हा इतिहास उत्तम उतारा आहे.

नव्वदीच्या दशकात निवडीचे दुसरे एक रूप पुढे आले. ‘वर्कस्टेशन’ म्हणजे अवघड आणि अखंड चालणाऱ्या गणनेसाठी बांधलेले महागडे यंत्र. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीची अशी यंत्रे त्रिमितीय चित्रणासाठी प्रमाण मानली जात. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधील संगणकनिर्मित डायनासोर त्यांच्यावरच साकारले. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’ या पूर्णतः संगणकावर घडलेल्या पहिल्या दीर्घ चित्रपटाची अंतिम चित्रे तयार करण्यासाठी सन कंपनीची ११७ यंत्रे एकत्र जोडण्यात आली होती. परंतु १९९७ च्या ‘टायटॅनिक’च्या दृश्यपरिणामांसाठी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या यंत्रांचा ताफा वापरला गेला, आणि दशक संपताना घरगुती संगणकांत बसणाऱ्या ग्राफिक्स कार्डांनी वर्कस्टेशनचा एकाधिकार मोडून काढला. २००३ च्या ‘कोल्ड माउंटन’ या चित्रपटाचे संकलन वॉल्टर मर्च यांनी दुकानात कोणालाही मिळणाऱ्या पॉवर मॅक जी४ यंत्रांवर केले. २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचा ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियाच्या दिग्दर्शकाचा चित्रपट ‘ब्लेंडर’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये घडला. साधनाची किंमत आणि कलाकृतीची उंची यांच्यातले नाते या चाळीस वर्षांत उत्तरोत्तर सैल होत गेले आहे, आणि त्यामुळे निवड सोपी होण्याऐवजी अधिक जबाबदारीची झाली आहे. कारण आता चुकीच्या निवडीचे खापर केवळ पैशाच्या टंचाईवर फोडता येत नाही.

कामाच्या स्वरूपाप्रमाणे यंत्रावर पडणारा भार किती भिन्न असतो, हे काही साध्या हिशोबांवरून ध्यानात येईल. मराठी मजकूर ‘युनिकोड’ या जागतिक संकेतात साठवताना, सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीने, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पानाला दीड हजार चिन्हे धरली तर तीनशे पानांची कादंबरी साधारण साडेतेरा लाख बाइटांत, म्हणजे मोबाइलने काढलेल्या एका छायाचित्राहूनही कमी जागेत मावते. लेखकाला त्यामुळे शक्तिशाली यंत्राची गरज नसते. त्याची गरज असते ती दीर्घकाळ न थकता वापरता येणारा कळफलक, डोळ्यांना शीण न देणारा पडदा आणि पंख्याच्या घरघरीपासून सुटका यांची. अनेक वर्षांपूर्वीचा जुना संगणकही रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, वाढवून आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे हलते भाग नसलेला साठा, बसवून लेखनासाठी पुन्हा तरुण करता येतो.

स्थिरचित्राचा हिशोब याहून वेगळा आहे. ए४ आकाराचे पान इंचाला तीनशे ठिपके या छपाईच्या घनतेने मांडले तर त्यात सुमारे ८७ लाख बिंदू येतात आणि छपाईच्या चार शाईंसाठी प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर एका थराला साडेतीन कोटी बाइट लागतात. चित्रकार किंवा मुखपृष्ठकार असे वीस-तीस थर सहज वापरतो आणि ते सर्व एकाच वेळी रॅममध्ये उघडे असावे लागतात. येथे रॅम अपुरी पडली की प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी काम अडखळते. त्याहूनही मोलाचा मुद्दा पडद्याचा आहे. पडद्यावर दाखवता येणाऱ्या रंगांच्या व्याप्तीला ‘रंगपट’ म्हणता येईल. १९९६ पासून रूढ असलेला ‘एसआरजीबी’ हा त्याचा किमान प्रमाण रंगपट होय, आणि स्वस्त लॅपटॉपचे कित्येक पडदे त्याचाही सुमारे दोन तृतीयांश भागच दाखवू शकतात. अशा पडद्यावर निवडलेला शेंदरी रंग छापखान्यात वेगळाच निघाला तर दोष छापखान्याचा नसतो. दृश्यकलेसाठी संगणक घेणाऱ्याने एकूण रकमेतला मोठा वाटा पडद्यावर आणि त्याचे रंग मोजून जुळवून देणाऱ्या उपकरणावर खर्च करावा, हा या ग्रंथातील सल्ला या हिशोबातूनच निघालेला आहे.

संगीताच्या कामात साठ्यापेक्षा वेळेचे गणित महत्त्वाचे असते. ध्वनी संगणकात शिरताना त्याचे सेकंदाला, उदाहरणार्थ, ४८,००० नमुने घेतले जातात आणि संगणक ते नमुने गटागटाने हाताळतो. गट १२८ नमुन्यांचा असेल तर त्यातून सुमारे पावणेतीन मिलिसेकंदांचा विलंब होतो. तो १,०२४ नमुन्यांचा असेल तर एकवीस मिलिसेकंदांहून अधिक. गायिकेच्या कानातल्या हेडफोनमध्ये तिचाच आवाज इतक्या उशिराने परत आला तर ताल सांभाळणे कठीण होते. लहान गट वापरायचा तर यंत्राने प्रत्येक गटाचे काम ठरल्या वेळेत, एकदाही न चुकता, पूर्ण केले पाहिजे. म्हणून ध्वनिमुद्रणासाठी उत्तम संगणकाची कसोटी त्याच्या सर्वोच्च वेगात नसून त्याच्या अखंड नियमितपणात असते, आणि बरेचदा संगणक बदलण्यापेक्षा चांगले ‘ऑडिओ इंटरफेस’, म्हणजे माइक आणि संगणक यांच्यामधले रूपांतरयंत्र, घेणे अधिक फलदायी ठरते.

चलच्चित्रात मात्र सगळेच आकडे फुगतात. ३,८४० गुणिले २,१६० बिंदूंची एक फ्रेम, प्रत्येक बिंदूला तीन बाइट या हिशोबाने, सुमारे अडीच कोटी बाइटांची होते आणि सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर प्रत्येक सेकंदाला साठ कोटी बाइट हाताळावे लागतात. कॅमेरे हा भार ‘कोडेक’च्या, म्हणजे दृश्य दाबून लहान करण्याच्या पद्धतीच्या, आधाराने कमी करतात, परंतु जितके अधिक दाबावे तितके ते उलगडण्याचे कष्ट संगणकाला अधिक पडतात. म्हणूनच एखादे साधेसुधे यंत्र मोठी फाइल सहज चालवते आणि मोबाइलची लहान फाइल चालवताना धापा टाकते, असा विरोधाभास संकलकांच्या नित्य अनुभवाचा आहे. यावर ‘प्रॉक्सी’चा, म्हणजे मूळ दृश्याच्या कमी स्पष्टतेच्या प्रती तयार करून त्यांवर संकलन करण्याचा आणि शेवटी मूळ दृश्य जोडण्याचा मार्ग आहे, आणि तो अवलंबल्यास मध्यम किमतीच्या यंत्रावरही लघुपट किंवा माहितीपट सुखाने संकलित होतो. त्रिमितीय चित्रणात याउलट ग्राफिक्स कार्ड आणि त्याची स्वतंत्र स्मृती हेच मुख्य बळ असते. दृश्य त्या स्मृतीत मावले नाही तर काम कमालीचे मंदावते किंवा थांबतेच.

या भिन्न गरजांच्या प्रकाशात संगणकांच्या प्रकारांकडे पाहिले की त्यांची गुणवत्ता आपोआप सापेक्ष होते. सुटे भाग जोडून बनवलेला डेस्कटॉप हा दिलेल्या पैशांत सर्वाधिक सामर्थ्य देतो, त्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येतो आणि तालुक्याच्या गावीही त्याची दुरुस्ती होते. परंतु तो एका जागी बसतो. लॅपटॉप कलावंताबरोबर फिरतो, पण त्याच्या अरुंद पोटात उष्णता साचते आणि ठरावीक तापमानानंतर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, जाहिरातीतला वेग तासाभराच्या कामात टिकत नाही तो यामुळेच. टॅब्लेट आणि लेखणी यांच्या जोडीने रेखाटनाला पुन्हा हाताच्या थेट वळणाशी जोडले. डेव्हिड हॉकनी यांच्यासारख्या ज्येष्ठ ब्रिटिश चित्रकाराने आयपॅडवर मोठमोठी निसर्गचित्रे साकारून या साधनाला प्रतिष्ठाही दिली. मात्र टॅब्लेटवर फाइलींचे व्यवस्थापन आणि दीर्घ काम यांना मर्यादा असतात, म्हणून बहुतेकांसाठी तो दुसरा संगणक म्हणूनच योग्य ठरतो. वर्कस्टेशनची खरी आवश्यकता आज फार थोड्यांना उरली आहे. स्मृतीतील चुका आपणहून दुरुस्त करणारी ‘ईसीसी’ रॅम आणि दिवसरात्र चालण्याची हमी यांसाठीच ते घ्यावे.

मॅक, विंडोज आणि लिनक्स यांच्यातील वादाला या ग्रंथात मर्यादित जागा दिली आहे, कारण तो वाद जितका आवेशाने घातला जातो तितका निर्णायक नसतो. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःच्या एम१ चिपचे संगणक बाजारात आणल्यापासून कमी विजेत आणि कमी आवाजात काम करण्याच्या बाबतीत मॅकने मोठी आघाडी घेतली, हे मान्य केले पाहिजे. त्याचबरोबर या यंत्रांत रॅम चिपशीच एकजीव असल्याने ती पुढे वाढवता येत नाही, म्हणजे सात वर्षांनंतरची गरज आजच ओळखून तिचे पैसे आजच मोजावे लागतात, हेही तितकेच खरे आहे. विंडोजवर सॉफ्टवेअर आणि सुटे भाग यांचे वैविध्य सर्वाधिक असून त्रिमितीय कामाला लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांची निवडही तेथेच मोठी आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यावर पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे अडचणीत आली. लिनक्स विनामूल्य आहे, जुन्या यंत्रांना ते नवे आयुष्य देते आणि ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप, आर्डर यांसारखी समर्थ मुक्त सॉफ्टवेअर त्यावर चालतात. परंतु छापखान्याला किंवा वाहिनीला एखाद्या विशिष्ट कंपनीच्या फाइलीच हव्या असतील तर त्या आग्रहापुढे या गुणांचा उपयोग होत नाही. कलावंत एकटा काम करत नाही. त्याच्या मागे आणि पुढे काम करणारी माणसे कोणत्या फाइली घेतात आणि देतात, हे यंत्र घेण्यापूर्वी विचारून घेणे हाच या वादातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे.

येथे फाइलीच्या आयुष्याचा प्रश्न पुन्हा समोर येतो आणि ग्रंथाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच वाहिलेला आहे. १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे अमिगाच्या अनावरणप्रसंगी विख्यात चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी गायिका डेबी हॅरी यांचे चित्र त्या यंत्रावर रंगवले होते आणि त्यानंतरही त्यांनी अमिगावर काही चित्रे काढली. ती फ्लॉपींमध्ये पडून राहिली. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली. शेवटी २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक मंडळातील तज्ज्ञांनी त्या अनोळखी फॉरमॅटची उकल केली, तेव्हा ती जगासमोर आली. जगप्रसिद्ध चित्रकाराच्या फाइली उलगडायला तज्ज्ञ धावून येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी तीस वर्षे मुखपृष्ठे करणाऱ्या कलावंतासाठी कोणी येणार नाही, त्यामुळे ती काळजी त्याने निवडीच्या क्षणीच घेतली पाहिजे.

मराठी ग्रंथव्यवहाराला हा धडा परक्या उदाहरणावरून शिकण्याची गरजही नाही. पुण्यातील सी-डॅक या शासकीय संस्थेची जिस्ट प्रणाली, श्री-लिपी, आकृती अशा साधनांनी नव्वदीच्या दशकात मराठी अक्षरजुळणी संगणकावर आणली आणि खिळे जुळवण्याच्या कष्टांतून या व्यवसायाची सुटका केली. हे ऋण मोठे आहे. पण त्या काळातील बहुतेक फॉन्ट देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसवून बनवलेले होते आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी होती. फाइलीत साठवली जात होती ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ. विशिष्ट फॉन्ट असेल तरच तिचे मराठी होई. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला तिचे स्वतःचे संकेतस्थान मिळाले, विंडोज २००० पासून कार्यप्रणालीने त्याला आधार दिला, कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यासोबत घरोघरी पोहोचला. पण पेजमेकरला युनिकोड कळत नव्हते आणि छापखान्यांचे सगळे काम पेजमेकरवर उभे होते. २०१२ च्या ‘इनडिझाइन सीएस६’ या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांच्या जुळणीची सोय मुळातच आली, तोवर मराठीतील दोन दशकांची पुस्तके, दिवाळी अंक आणि नियतकालिके त्या जुन्या फाइलींत अडकून बसली होती. आजही अनेक अक्षरजुळणी केंद्रांत जुन्या विंडोजचा एक संगणक केवळ त्या फाइली उघडण्यासाठी जपून ठेवावा लागतो, आणि मजकूर रूपांतरित केला तरी रफार, जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्ध्या र-काराची दुरुस्ती मुद्रितशोधकाला ओळ ओळ वाचून करावी लागते. ही हानी कोणत्याही यंत्राच्या मंदपणामुळे झालेली नाही. यंत्र निवडताना फाइलीच्या भवितव्याचा प्रश्न विचारला न गेल्यामुळे झाली आहे.

या अनुभवातून निघणारे नियम थोडे आणि आचरणीय आहेत. मजकूर युनिकोडमध्येच असावा आणि ‘एक टाइप’सारख्या मुंबईच्या संस्थेने मुक्त परवान्याने दिलेल्या ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारख्या फॉन्टांचा पर्याय आधी तपासावा. प्रत्येक पूर्ण कामाची एक प्रत कोणत्याही एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या फॉरमॅटमध्ये ठेवावी : पानांसाठी पीडीएफ/ए, रेषाचित्रांसाठी एसव्हीजी, ध्वनीसाठी डब्ल्यूएव्ही किंवा एफएलएसी. मासिक भाड्याने मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत ही दक्षता दुप्पट हवी, कारण भाडे थांबले की सॉफ्टवेअर बंद होते आणि स्वतःच्याच फाइली उघडणे अवघड होते. प्रतींच्या बाबतीत तीन प्रती, दोन प्रकारच्या साठ्यांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत, हा जुनाजाणता नियम आजही पुरेसा आहे. ‘टॉय स्टोरी २’च्या निर्मितीत एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या बहुतांश फाइली पुसल्या गेल्या आणि कार्यालयातील राखीव प्रतीही सदोष निघाल्या, घरून काम करणाऱ्या एका तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर प्रत होती, म्हणून ते काम वाचले. इतक्या साधनसंपन्न संस्थेची ही स्थिती होऊ शकते, तर एकट्या कलावंताने संगणकाच्या अंदाजपत्रकातच दोन बाह्य डिस्क आणि वीज खंडित झाल्यावर काम जतन करण्याइतका वेळ देणारा यूपीएस धरला पाहिजे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

ग्रंथाची रचना या विचारक्रमाला धरूनच केली आहे. पहिल्या भागात मजकूर, स्थिरचित्र, ध्वनी, चलच्चित्र आणि त्रिमितीय चित्रण या पाच कामांच्या गरजा स्वतंत्रपणे मांडल्या आहेत. दुसऱ्या भागात फाइली, फॉन्ट आणि जतन यांचा विचार आहे. यंत्रांचे प्रकार, भागांची निवड, जुने यंत्र पारखून घेण्याची पद्धत आणि दुरुस्ती यांची चर्चा तिसऱ्या भागात, म्हणजे सर्वांत शेवटी, येते. प्रारूपांची नावे आणि किमती दर वर्षी बदलतात, म्हणून त्या जाणीवपूर्वक टाळल्या आहेत. नव्याने काम सुरू करणारा विद्यार्थी, स्वतःच्या घरातून अक्षरजुळणी करणारी गृहिणी, गावात ध्वनिमुद्रण कक्ष उभारू पाहणारा कीर्तनकारांचा साथीदार आणि अनेक दशकांचे काम नव्या यंत्रावर हलवणारा प्रकाशक, हे चौघेही वाचक म्हणून डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

या चौघांच्या गरजा आणि ऐपत सारखी नाही, परंतु त्यांना विचारावे लागणारे प्रश्न आणि त्या प्रश्नांचा क्रम एकच आहे : काम कोणते, ते कोणाकडे जायचे, किती वर्षे टिकायचे, त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर लागेल, आणि त्या सॉफ्टवेअरला पुरेसे पडणारे, गावात दुरुस्त होणारे यंत्र कोणते. हा क्रम पाळणाऱ्याने साधे यंत्र घेतले तरी त्याचे काम त्या यंत्रापेक्षा अधिक जगेल. तो मोडणाऱ्याला बाजारातले सर्वोत्तम यंत्रही ती हमी देऊ शकत नाही. मराठीत आज जे लिहिले, रंगवले, गायले आणि चित्रित केले जात आहे, ते जवळजवळ सगळेच संगणकातून जात आहे. त्यातले किती पुढच्या पिढीच्या हाती लागेल, हे ठरवण्याचा अधिकार कलावंताने विक्रेत्याकडे सोपवू नये, यासाठी हा ग्रंथ आहे.